टॉवर नाही, मग विमानं एकमेकांना चुकवतात कशी?

वडगावचा मागवाला

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात वडगावला राहतो, यंत्रमागाचा धंदा आहे. थोरली मुलगी पायलट व्हायला अमेरिकेत गेली आहे. नुकतंच तिचं सोलो झालं, म्हणजे इन्स्ट्रक्टर खाली उतरला आणि पोरीनं एकटीनं विमान फिरवून आणलं. आम्ही गल्लीभर कुंदा वाटला.

परवा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "पप्पा, आमच्या विमानतळाला टॉवर नाही." मी विचारलं, मग उतरायचा नंबर कोण लावतं? तर म्हणे, "कोणी नाही. आम्हीच रेडिओवर एकमेकांना सांगतो आणि बाहेर बघत राहतो."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमानं उतरताना आम्ही कायम बघतो, पण तिथं टॉवर आहे, वर माणसं बसलेली आहेत. तिच्याकडे तसं कोणीच नाही. जुलै 2025 मध्ये कॅनडात स्टाइनबॅकजवळ शिकाऊ पायलटांची दोन सेसना विमानं धडकली, ती बातमी तिच्या आईनं वाचली आहे. दोघंही टेकऑफ-लँडिंगचा सराव करत होते, दोघंही गेले. एक केरळचा मुलगा होता. टॉवर तिथंही नव्हता.

या क्षेत्रातली आपल्या भागातली बरीच माणसं इथं आहेत म्हणून विचारतोय. "काळजी करू नका" एवढंच लिहू नका. नेमकं काय केलं की धडक होत नाही आणि होते तेव्हा काय राहून गेलेलं असतं, हे मला समजून घ्यायचं आहे. विमानातलं मला काही कळत नाही, पण समजावून सांगितलं तर समजेल.

कॅम्पातला

काका, आता विमानात टक्कर टाळायचं यंत्र असतंय की. समोर दुसरं विमान आलं की तेच सांगतंय, वर जा, खाली जा. चरखी दादरीच्या अपघातानंतर आपल्याकडे सक्तीचं झालंय ते. तुम्ही आणि वैनी उगाच घाबरायलाय.

निपाणीचा इन्स्ट्रक्टर

कॅम्पातले दादा, ते मोठ्या विमानांचं झालं. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीवर सौदीचं आणि कझाकस्तानचं विमान धडकलं, 349 माणसं गेली. त्यानंतर आपल्या आकाशात एअरलाइनच्या विमानांना ते यंत्र सक्तीचं झालं, हे बरोबर. पण काकांची मुलगी उडवत असेल सेसना 152 नाहीतर 172. त्यात वर जा, खाली जा सांगणारं काही नसतं. तिथं डोळे, कान आणि शिस्त एवढंच.

काका, पहिली गोष्ट. टॉवर नसणं हे तिकडे नवल नाही, तोच नियम आहे. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे 5,000 विमानतळ आहेत आणि टॉवर आहेत जेमतेम 500च्या आसपास. तुमची मुलगी कुठल्या आडवळणाच्या, दुर्लक्षित जागी शिकत नाही. मीही अशाच एका धावपट्टीवर शिकलो आणि पुढे तिथंच शिकवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

धावपट्टीभोवती हवेत एक ठरलेला आयत असतो, त्याला सर्किट म्हणतात. टेकऑफ करून सरळ वर, मग डावीकडे वळण, तो क्रॉसविंड. पुन्हा डावीकडे, की धावपट्टीला समांतर पण उलट दिशेनं जाणारा डाउनविंड. मग पुन्हा डावीकडे, धावपट्टीच्या रेषेकडे नेणारा बेस, मग धावपट्टीच्या सरळ रेषेत फायनल आणि लँडिंग. सगळी वळणं डावीकडे, कारण मुख्य पायलट डाव्या सीटवर बसतो आणि धावपट्टी त्याच्या बाजूला राहते. उंची साधारणपणे जमिनीपासून 1,000 फूट. बाहेरून येणाऱ्यानं कुठूनही घुसायचं नाही. आधीच सर्किटच्या उंचीवर यायचं आणि डाउनविंडच्या मध्याला 45 अंशांत येऊन मिळायचं. वरून खाली उतरत सर्किटमध्ये शिरणं सगळ्यांत वाईट, कारण आपल्या पोटाखाली कोण आहे ते आपल्याला दिसत नाही.

याचा फायदा काय? आकाश प्रचंड मोठं आहे, सगळीकडे एकदम बघता येत नाही. सगळे एकाच आयतावर चालले की कुठं बघायचं ते कळतं. मी बेसला असेन तर माझ्या पुढचा फायनलवर असणार, मागचा डाउनविंडवर. तिथं बघितलं आणि तो दिसला नाही, तर काहीतरी बिघडलंय हे तेवढ्यावरच समजतं.

दुसरी गोष्ट रेडिओ. त्या विमानतळाची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. साधारण 10 मैलांवरून बोलायला सुरुवात करायची: आधी गावाचं नाव, मग आपण कोण, कुठं, किती उंचीवर, काय करणार आणि शेवटी पुन्हा गावाचं नाव. दोनदा नाव का, तर 122.8 सारखी एकच फ्रिक्वेन्सी आसपासची कितीतरी विमानतळं वापरतात. सुरुवातीचं नाव कोणाच्या तरी आवाजाखाली दबलं तर शेवटचं तरी कानावर पडावं. मग सर्किटच्या प्रत्येक बाजूवर एकेक कॉल. ऐकायला कोणी असो नसो, बोलायचंच. आपण चोर्ला घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न देतो, तेव्हा पलीकडे गाडी आहे का ते आधी विचारत नाही ना, तसं.

आणि एक वाक्य मुलीनं कधीही वापरू नये: "एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज अॅडव्हाइज." म्हणजे आसपास जे कोणी आहात ते बोला. तिकडच्या सरकारी मार्गदर्शनातच ते वापरू नका असं म्हटलं आहे. हे ऐकून चार जण एकदम बटण दाबतात आणि कानात नुसती किंचाळी येते. सगळे बोलतात, कोणालाच काही कळत नाही.

गणेशपूर, निवृत्त कंट्रोलर

मी हवाई दलात कंट्रोलर होतो, निवृत्तीनंतर बेळगावातच स्थायिक झालो. निपाणीकरांनी छान मांडलं आहे. दोन गोष्टी भर घालतो, कारण मागवाले साहेबांनी स्पष्ट विचारलं आहे आणि त्यांना स्पष्टच उत्तर मिळायला हवं.

टॉवर असला की धडक होत नाही, हा समज आधी बाजूला ठेवा. छोटी विमानं डोळ्यांनी बघून उडत असतात तेव्हा टॉवरवाला धावपट्टीवर दोघं एकदम येऊ देत नाही, उतरायचा क्रम लावतो, "तुझ्या दोन वाजता एक सेसना आहे" (म्हणजे घड्याळात दोनचा आकडा असतो त्या दिशेला, समोर उजवीकडे) असं सांगतो. पण अमेरिकेतल्या साध्या टॉवरच्या विमानतळावर, हवेत त्या दोघांमध्ये अंतर राखणं पायलटवरच असतं. सांबऱ्याला एकटी उडणारी मुलगीसुद्धा बाहेर बघितल्याशिवाय सुरक्षित नाही.

आता डोळ्यांबद्दल. डोळ्यांना वेळ लागतो. अमेरिकी हवाई प्रशासनानं शिकवण्यासाठी जी आकडेवारी दिली आहे ती मी आमच्या पोरांना पाठ करायला लावायचो. वस्तू नजरेत येणं 0.1 सेकंद. ते विमान आहे हे ओळखणं 1 सेकंद. ते आपल्यावरच येत आहे हे कळणं 5 सेकंद. कुठं वळायचं ते ठरवणं 4 सेकंद. हातपाय हलणं 0.4. आणि विमान प्रत्यक्ष वळायला लागणं 2 सेकंद. बेरीज साडेबारा सेकंद.

दोन सेसना समोरासमोर, प्रत्येकी 90 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). मिळून 180 नॉट, म्हणजे सेकंदाला 92-93 मीटर. साडेबारा सेकंदांत साधारण 1,150 मीटर संपतात. एक किलोमीटरवर समोरून दिसणारी सेसना किती मोठी असते? जवळजवळ ठिपका. तो ठिपका त्या अंतराच्या आधी दिसला नाही, तर पुढचं सगळं उशिराचं.

त्यात मोठी अडचण अशी की जे विमान नेमकं आपल्याला धडकणार आहे, ते काचेत हलत नाही. आपली नजर हलणाऱ्या गोष्टीकडे ओढली जाते. जे काचेत सरकतंय ते पुढून किंवा मागून निघून जाईल. जे एका जागी चिकटल्यासारखं आहे आणि नुसतं मोठं होत चाललंय, ते आपलं. आणि ते बराच वेळ लहानच राहतं, शेवटच्या काही सेकंदांत एकदम अंगावर आल्यासारखं वाढतं. म्हणून नजर भरभर फिरवून चालत नाही. 10-10 अंशांचा तुकडा घ्यायचा, तिथं निदान एक सेकंद थांबायचं, मग पुढचा. मान दुखेपर्यंत.

हे अपघात धुक्यात, अंधारात होत असतील असं वाटतं. तसं नाही. बहुतेक भरदिवसा, चांगल्या हवेत, विमानतळाजवळ होतात. आणि समोरासमोरच्या टकरी कमी. बहुतेक वेळा वेगवान विमान मागून येऊन हळू चालणाऱ्यावर चढतं.

मलप्रभेकाठची

काका, मी खानापूरची. मीसुद्धा अशाच टॉवर नसलेल्या विमानतळावर शिकले आणि लायसन्स घेऊन आले. तुमच्या मुलीच्या जागी मी होते, म्हणून एक प्रसंग लिहिते. माझ्या आईलाही तेव्हा अशीच धास्ती होती.

संध्याकाळची वेळ, मी डाउनविंडवर. रेडिओवर कोणीच नाही. मी डाउनविंडचा कॉल दिला, तोही एकटाच गेला. आमचं 172 उंच पंखाचं, म्हणजे पंख डोक्यावर. उंच पंखाच्या विमानात डावीकडे वळायला लागलं की डावा पंख खाली येतो आणि जिकडे वळतोय नेमकी तीच बाजू झाकतो. म्हणून वळायच्या आधी तो पंख जरासा उचलून बघायचं, ही सवय आम्हाला पहिल्या दिवसापासून लावली होती. तसा उचलला. फायनलच्या रेषेवर काहीच नाही. पुन्हा बघितलं, तेव्हा खाली, झाडांच्या रांगेला लागून, पिवळं काहीतरी सरकलं. जुनं पायपर कब. कापड लावलेले पंख, विमानात बॅटरीच नाही, मग रेडिओ कुठला! ते आमच्या बरंच खाली, आरामात फायनलवर चाललेलं.

सर बाजूला बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. मी बेसला वळले नाही. डाउनविंड लांबवला, ते उतरून गवतात बाजूला होईपर्यंत पुढे जात राहिले, मग वळले. उतरल्यावर ते विमानवाले आजोबा हँगरपाशी भेटले. म्हणाले, तुझी लँडिंग लाइट लांबूनच दिसली होती.

तिकडे अशा विमानतळावर रेडिओ नसलेलं विमान आणणं कायदेशीर आहे, काका. कानावर काही नाही म्हणजे आकाशात काही नाही असं धरायचं नाही. आणि लाइट दिवसाही चालू ठेवायची.

चिकोडी रोड

सगळं वाचलं. पण मला एक कळत नाही. हा आयत एवढा चांगला आहे तर सगळ्यांना त्यावरूनच यायला का लावत नाहीत? मी वाचलंय की मोठी विमानं लांबून सरळ फायनललाच येतात. ते बंदच करून टाकावं.

दुसरं म्हणजे आता टॅबलेटवर आसपासची सगळी विमानं दिसतात. मग डोळे फोडून बघायचं कशाला?

निपाणीचा इन्स्ट्रक्टर

चिकोडीकर, तुमचा पहिला मुद्दा म्हणजे या सगळ्या विषयाचं मूळ आहे. तिथंच जरा थांबतो.

18 ऑगस्ट 2022. कॅलिफोर्नियातलं वॉटसनव्हिल, टॉवर नसलेला विमानतळ. एक सेसना 152 सर्किट करत होतं, आत एकटा पायलट. दुसरं सेसना 340, दोन इंजिनांचं, वेगवान. त्यानं 10 मैलांवरून सांगितलं, सरळ येतोय. पुढे 3 मैलांवरून पुन्हा सांगितलं. 152 वाला बेसला वळला, तेही त्यानं रेडिओवर सांगितलं. दोघंही बोलत होते, दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत होतं. शेवटी 152 च्या पायलटनं ओळखलं की तो फार वेगानं येतोय, आणि गो-अराउंड करतो, म्हणजे उतरायचं सोडून पुन्हा वर जातो, असं सांगितलं. तोवर उशीर झाला होता. तिघं गेले.

इथं आकडे बघा. 340 चा वेग 180 नॉटच्या आसपास होता, म्हणजे ताशी 330 किलोमीटर. त्याचे तीन मैल म्हणजे एक मिनिट. सर्किटमध्ये 70 नॉटनं चालणाऱ्या 152 ला तेच तीन मैल अडीच मिनिटांचे. "तीन मैलांवर आहे" हे ऐकून छोट्या विमानातल्या माणसाच्या मनात त्याच्या स्वतःच्या वेगाचं चित्र उभं राहतं. माझ्याकडे भरपूर वेळ आहे, मी वळतो. कॉल खरा, ऐकणारा सावध, तरी चित्र चुकीचं. चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं, दोष 340 च्या पायलटकडे दिला: सरळ येताना समोरचं विमान बघून टाळलं नाही.

त्यात आणखी एक. डाव्या सर्किटमध्ये बेसवर असताना लांबून सरळ येणारा उजवीकडून येतो. आणि तेव्हा तुमचं सगळं लक्ष डावीकडे, धावपट्टीवर असतं. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा), वेग, उतार, पुढचं वळण, सगळं डावीकडे. मी शिकवताना बेसवर विद्यार्थ्याला दर वेळी विचारायचो, उजवीकडे काय आहे? त्यानं मान वळवून, त्या बाजूच्या दारातून बाहेर बघून उत्तर द्यायचं. नुसतं "क्लिअर" म्हटलेलं मी चालवून घेत नसे.

तुम्ही म्हणता तशी बंदी नाही. खराब हवेत ढगातून यंत्रांच्या आधारे खाली येणाऱ्याला सरळच यावं लागतं, त्याचा मार्गच तसा आखलेला असतो. पण चांगल्या हवेत, सर्किटमध्ये लोक उडत असताना, केवळ चार मिनिटं वाचावीत म्हणून सरळ घुसणं मला मान्य नाही. नियम म्हणतो, फायनलवर असलेल्याचा हक्क पहिला, दोघं असतील तर खालच्याचा. आणि त्याच नियमात पुढे म्हटलंय की या हक्काचा वापर दुसऱ्याच्या पुढे घुसायला करायचा नाही. हक्क कोणाचा यावर हवेत वाद घालत बसणारा पायलट मला नको आहे. ज्याचा वेग जास्त, त्यानं सर्किटमध्ये येऊन मिळावं, वेग आधीच कमी करावा, जागा त्यानं करून द्यावी. हळू चालणाऱ्याकडे बाजूला व्हायला वेळच नसतो.

टॅबलेटचं. अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून विमानानं स्वतःची जागा प्रसारित करणं, म्हणजे एडीएस-बी, सक्तीचं झालं, पण ते ठरावीक आकाशात, प्रामुख्यानं मोठ्या विमानतळांच्या भोवती आणि वरच्या उंचीवर. लहान गावच्या धावपट्टीवर तसं बंधन बहुधा नसतं, आणि मलप्रभेकाठच्या ताईंना दिसलं तसलं कब त्या पडद्यावर येतच नाही. यंत्र उपयोगी आहे, दहा मैलांवर असताना कुठून कोण येतंय ते छान कळतं. पण सर्किटमध्ये शिरलं की मी तो पडदा बंद करायला लावतो. मान खाली घालून ठिपके मोजणाऱ्याला काचेतलं विमान दिसत नाही.

गणेशपूर, निवृत्त कंट्रोलर

वॉटसनव्हिलला दोघांनी एकमेकांचं ऐकलं होतं. आता ऐकण्यातच घोटाळा झाला तर काय होतं ते लिहितो.

चरखी दादरीनंतर बरोबर एका आठवड्यानं, 19 नोव्हेंबर 1996 ला, इलिनॉय राज्यात क्विन्सीला ही घटना घडली. तिथंही टॉवर नव्हता आणि दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या. प्रवासी घेऊन बीच 1900 उतरत होतं. दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर टेकऑफला उभं, त्याच्यामागे एक छोटं चेरोकी. बीचमधून विचारलं गेलं, किंग एअर थांबणार आहे का? रेडिओवर उत्तर आलं, थांबतोय. पण ते उत्तर मागच्या चेरोकीचं होतं. नेमकं त्याच क्षणी बीचच्या कॉकपिटमध्ये उंची पुकारणारं यंत्र बोललं आणि उत्तराचा काही भाग त्याखाली झाकला गेला. बीचवाल्यांना वाटलं किंग एअर थांबलंय. किंग एअर सुटलं. धावपट्ट्यांच्या छेदावर दोन्ही धडकली, 14 जण गेले.

हे जमिनीवर घडलं, पण हवेतही तेच लागू. उत्तर आलं म्हणजे आपण विचारलं त्यानंच दिलं असं नाही. आपलं नाव घेऊन, त्यानं स्वतःचं नाव सांगून उत्तर दिलं तरच ते उत्तर. नसेल तर पुन्हा विचारा, तेवढी सवड नसेल तर उतरू नका, वर जा.

आणि कुठल्या टोकाकडून उतरायचं, हा प्रश्नही टॉवर नसला की पायलटवरच येतो. इथं सांबऱ्याला धावपट्टी पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा दाबून वाहतो, तेव्हा 26 नंबरच्या टोकाकडून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं हे उघड असतं. पण वारा पडलेला असला की एक जण पूर्वेकडून येतो, दुसरा पश्चिमेकडून, आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दोघांनाही बरोबर म्हणतो. जिथं टॉवर नाही तिथं आधीपासून सर्किटमध्ये असलेले ज्या टोकाचा वापर करतायत तेच नव्यानं येणाऱ्यानं घ्यावं.

वैजनाथाच्या पायथ्याशी

मी पायलट नाही, पण माझा मुलगा याच मार्गावर आहे. वैनींसाठी एक लिहिते. मीही फोनवर रोज एकच विचारायचे, नीट उतरलास ना? तो हो म्हणायचा आणि विषय संपायचा. मग त्याच्याच सरांनी सांगितलं, त्यापेक्षा आज सर्किटमध्ये किती जण होते, सगळे दिसले का, ते विचारा. आता तोच आपणहून सांगतो, आज एक जण बराच वेळ दिसत नव्हता म्हणून मी गो-अराउंड केलं. मला त्या उत्तरानं जास्त बरं वाटतं. उतरायचं सोडून पुन्हा वर जाण्यात पोरांना कमीपणा वाटू नये, हे घरातूनही सांगता येतं.

कॅम्पातला

आई म्हणाल्या ते पटलं बघा. निपाणीचे सर, एक विचारू? ताईंनी उंच पंखाचं विमान लिहिलंय, तसं खालच्या पंखाचंही असतंय. दोन वेगळ्या प्रकारची विमानं एकाच सर्किटमध्ये असली तर जास्त धोका असतोय का?

निपाणीचा इन्स्ट्रक्टर

असतो, आणि तो फायनलवर. सेसनाचे पंख डोक्यावर, त्यामुळे वरचं दिसत नाही. पायपर चेरोकीसारख्याचे पंख खाली, त्यामुळे खालचं दिसत नाही. आता खाली सेसना आणि तिच्या नेमकं वर चेरोकी, दोन्ही एकाच धावपट्टीकडे उतरतायत, वरचं जरा वेगानं. दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नाही आणि दोघांचीही नजर धावपट्टीच्या आकड्यांवर. म्हणून लांबलचक फायनल करायची नाही, प्रत्येक बाजूचा कॉल द्यायचा, आणि पुढचा कोण आहे तो प्रत्यक्ष दिसल्याशिवाय बेसला वळायचं नाही. "तू नंबर दोन असशील" असं रेडिओवर कोणी सांगितलं तरी नंबर एक दिसायला हवा.

वडगावचा मागवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मुलीला फोनवर वाचून दाखवलं, तिची आई शेजारी बसून ऐकत होती. बेसवर उजवीकडे बघायचं हे तिच्या इन्स्ट्रक्टरनंही सांगितलंय म्हणाली, पण दोन वेगांचा तीन मैलांचा हिशोब तिनं वहीत लिहून घेतला. साडेबारा सेकंदांचाही.

तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत देतो: "मी फायनलवर आहे. रेडिओवर दुसरं कोणीतरी त्याच धावपट्टीच्या फायनलवर असल्याचं सांगतंय. मला ते कुठंच दिसत नाही. मी वर जावं तर ते माझ्या वरच असलं तर?"

निपाणीचा इन्स्ट्रक्टर

मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. तिला असं सांगा.

दिसत नसेल तर तो मागे, वर किंवा खाली असू शकतो हे धरून चालायचं. पॉवर पूर्ण देऊन नाक एकदम वर उचलायचं नाही, तिची शंका रास्त आहे. आधी उजवीकडे सरकायचं, धावपट्टीची रेषा सोडून, आणि सरकतानाच वर चढायला सुरुवात करायची. उजवीकडे का, तर धावपट्टी आणि फायनलची रेषा डाव्या खिडकीत राहते, ती डावीकडे बसलेली असते, म्हणजे जो कोणी तिथं आहे तो दिसायची शक्यता सगळ्यांत जास्त. विमान हातात आल्यावर एक छोटा कॉल: गावाचं नाव, आपण कोण, गो-अराउंड, धावपट्टीच्या उजवीकडे, पुन्हा गावाचं नाव. त्याला "कुठं आहेस" विचारत फायनलवर रेंगाळायचं नाही, तेवढा वेळ तिथं नसतो. मग धावपट्टीला समांतर पुढे जायचं आणि क्रॉसविंडला वळायच्या आधी डावीकडे, खाली आणि मागे बघायचं. उतरणारा दिसला की त्याच्या मागे पुन्हा सर्किट.

काही धावपट्ट्यांना डोंगर किंवा वस्तीमुळे सर्किट उजवीकडे ठेवलेलं असतं. तिथं ती ज्या बाजूला सरकेल तिकडे डाउनविंडवर दुसरी विमानं असतील, त्यामुळे सरकणं थोडंच आणि डाउनविंडची उंची गाठायच्या आधी बघून. तिच्या चार्टवर, म्हणजे हवाई नकाशावर, अशा विमानतळाच्या नावाखाली "आरपी" (उजवं सर्किट) आणि धावपट्टीचा नंबर छापलेला असतो. सोलोला निघताना ज्या ज्या विमानतळावर उतरायचं आहे तिथलं ते आदल्या रात्रीच बघून ठेव म्हणावं.